मजुरीचे माप : रोज की तास?



आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत धान्याची आवक, बाजार समितीचे नियम, कराचे दर, वाहतुकीचे भाडे या विषयांवरील लेख आपण आवडीने वाचतो. व्यापारात ज्या खर्चाविषयी सर्वांत जास्त बोलले जाते आणि सर्वांत कमी लिहिले जाते, त्या मजुरीच्या खर्चाविषयी यंदा चार शब्द लिहावे असे आम्ही ठरविले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले व्यापारी. अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. तथापि चाळीस वर्षांहून अधिक काळ घाऊक धान्याच्या पेढीवर तराजूशी संबंध आल्यामुळे एक गोष्ट आमच्या अंगवळणी पडली आहे. ती ही की, भाव ऐकण्यापूर्वी माप विचारावे. माप ठाऊक नसेल तर भावाला अर्थ राहत नाही. हीच दृष्टी मजुरीला लावून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू होय.

मार्केट यार्डात असो वा रविवार पेठेत असो, दोन सभासद एकत्र बसले की बोलणे मजुरीवर येतेच. माणसे मिळत नाहीत, रोज कितीही वाढविला तरी टिकत नाहीत, तरुण पोरे गोव्याला, पुण्याला, बंगळुरूला जातात, अशा तक्रारी ऐकू येतात. त्या खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांत एक शब्द असा आहे की, ज्याची लांबी कोणीच सांगत नाही. तो शब्द म्हणजे ‘रोज’. एका डाळगिरणीतील रोज सकाळी नऊला सुरू होऊन, मध्ये तासभर जेवणाची सुटी होऊन, सहाला संपतो. दुसऱ्या गिरणीतील रोज सकाळी आठला सुरू होतो आणि दिवेलागणी झाली तरी संपत नाही. दोन्ही ठिकाणी शब्द एकच. आणि तुलना मात्र नुसत्या रुपयांची केली जाते.

आपल्या वाडवडिलांच्या काळी धान्य शेराने व पायलीने मोजले जाई. गावोगावची पायली सारखी नसे. एका पेठेत स्वस्त वाटलेला माल घरी आणून मोजला म्हणजे महाग पडलेला आढळे. शहाणा व्यापारी भाव विचारण्याआधी पायली हातात घेऊन पाही. पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि हा घोळ मिटला. आज अथणीची ज्वारी व सोलापूरची ज्वारी यांचे भाव दूरध्वनीवरून एका वाक्यात ताडून पाहता येतात, कारण दोन्हीकडचा किलो एकच आहे. आमचे म्हणणे असे आहे की, मजुरीच्या बाजारात ‘रोज’ ही अजून जुनी पायलीच आहे. तेथे किलोची जागा घेणारे माप एकच. ते म्हणजे तास.

येथे कोणत्या उद्योगांविषयी आपण बोलत आहोत हे स्पष्ट केलेले बरे. अर्थशास्त्री उद्योगधंद्यांचे स्थूलमानाने दोन भाग पाडतात. खाणी, बांधकाम व कारखाने हे वस्तू निर्माण करणारे उद्योग. आणि व्यापार, वाहतूक, पेढ्या, दवाखाने, शाळा ही सेवा. आपली अडत व घाऊक विक्री सेवेत मोडते. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या डाळगिरण्या, भातगिरण्या, तेलघाणे व चुरमुऱ्यांच्या भट्ट्या आहेत. काहींच्या पुढच्या पिढीने उद्यमबागेत किंवा मच्छे येथे फौंड्री व यंत्रभागांचे कारखाने काढले आहेत. हे सर्व वस्तु-उत्पादक उद्योग होत. म्हणजे गादीवर बसलेले आपण सेवेत, आणि मागच्या आवारात यंत्र सुरू झाले की उत्पादक उद्योगात. सबब हा विषय परक्याचा नव्हे.

अमेरिकेत अशा उद्योगांतील मजुरी तासावर मोजण्याची रीत आहे. तेथील सरकारचे श्रम-सांख्यिकी खाते १८८४ साली स्थापन झाले. आज ते दरमहा राज्यवार आकडे प्रसिद्ध करते. त्यांत मजुरीचा सरासरी तासाचा दर असतो आणि त्याच्या शेजारी आठवड्याचे सरासरी तासही असतात. १९३८ च्या कायद्याने तेथे किमान मजुरीही तासावरच बांधली, आणि पुढे आठवड्याच्या ४० तासांवरील कामाला दीडपट दर ठरला. तेथील मजूर सर्व प्रकारे सुखी आहे असा याचा अर्थ नाही. केंद्रीय किमान दर तासाला सव्वासात डॉलर असून २००९ नंतर तो वाढलेला नाही. अनेक राज्यांनी आपापले दर त्याहून वर नेले आहेत. तथापि तेथे दर कमी असला तर तो कमी आहे हे दिसते. दिवसाच्या लांबीआड तो लपत नाही.

आपल्याकडे काय आहे ते पाहू. कारखान्यांची वार्षिक उद्योग पाहणी १९५९ पासून चालू आहे. कर्नाटकासह प्रत्येक राज्यात किती कारखाने, किती कामगार, किती मजुरी, हे तीत मिळते. परंतु कामाची मोजणी तीत मनुष्यदिवसांनी होते, तासांनी नव्हे. शिवाय यंत्रशक्ती वापरणारे दहा वा अधिक कामगारांचे, अथवा यंत्रशक्ती न वापरणारे वीस वा अधिक कामगारांचे कारखाने, एवढाच तिचा पारंपरिक आवाका आहे. आपल्या सभासदांच्या लहान गिरण्यांपैकी पुष्कळ तीत येतच नाहीत. २०१७ साली सुरू झालेली श्रमबल पाहणी आठवड्यात किती तास काम केले हे विचारते खरी. परंतु ती घरोघर जाऊन विचारलेली माहिती होय. मालकाच्या पगारपत्रकावर तासाचा दर लिहिण्याची रीत आपल्याकडे पडलेली नाही.

मग ‘‘राज्यातील कारखान्यांची सरासरी मजुरी अमुक’’ असे वाचावयास मिळाले, तर तिचे काय करावे? धान्याच्या व्यापाऱ्याने सरासरीवर विश्वास ठेवताना जपूनच असावे. कर्नाटकाच्या सरासरीत बंगळुरूचा विमान कारखाना आहे, त्याच शहरातील कपडे शिवणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत, तोरणगल्लूचे पोलाद आहे, गोकाकच्या धबधब्यावरची जुनी सूतगिरणी आहे, आपल्या जिल्ह्यातील साखर कारखाने आहेत आणि उद्यमबागेतील ओतकामही आहे. मालदांडी ज्वारी व डागी ज्वारी एका ढिगात मिसळून काढलेला भाव ना मालदांडीचा, ना डागीचा. एक लहान उदाहरण घेऊ. एका कारखान्यात दहा माणसे आहेत; एका मिस्त्रीस रोजी १,५०० रुपये व नऊ मदतनिसांस प्रत्येकी ५०० रुपये मिळतात. सरासरी निघते ६०० रुपये. त्या छपराखाली ६०० रुपये घेणारा एकही माणूस नाही. आणि दहांतील नऊ जण सरासरीच्या खाली आहेत. दहाही जणांस एका ओळीत उभे करून मधल्याचा दर विचारला असता, तर ५०० हे खरे उत्तर मिळाले असते.

सरासरीचा दोष हा असा. रोजाचा दोष याहून मोठा आहे. त्यासाठी आणखी एक हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणार्थ आहेत. परंतु हिशेब कोणासही आपल्या वहीत पडताळून पाहता येईल. पहिला मालक आठ तासांचे ४८० रुपये देतो. दुसरा मालक बारा तासांचे ६०० रुपये देतो, आणि पेठेत सांगतो की आम्ही शेजाऱ्यापेक्षा १२० रुपये जास्त देतो. तास लावून पाहा. पहिल्याकडे तासाला ६० रुपये पडतात, दुसऱ्याकडे ५०. गोष्ट येथेच संपत नाही. आठ तासांवरील कामाला दुप्पट दर, हे तत्त्व धरले, तर दुसऱ्याकडचे बारा तास म्हणजे आठ साधे तास व चार दुप्पट तास, एकूण सोळा तासांचे मोल झाले. ६०० रुपयांस सोळांनी भागिले असता साधा दर तासाला ३७ रुपये ५० पैसे निघतो. उलट ६० रुपयांचा दर कायम ठेवून बारा तास काम घेतले, तर त्या दिवसाचे ९६० रुपये होतात. जास्त देणारा म्हणून मिरविणारा मालक वस्तुतः ३६० रुपये कमी देत असतो. बहुधा त्याच्या मनात कपट नसते. हाती माप चुकीचे असते.

दुप्पट दराचे हे तत्त्व आमच्या पदरचे नव्हे. त्यामागे मोठा इतिहास आहे. आपल्या देशातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने केवळ मुलांना थोडे संरक्षण दिले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि त्यांच्या खटपटीमुळे १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळू लागली. प्रौढ पुरुषांच्या तासांना १९११ साली प्रथम मर्यादा पडली, तीही दिवसाला बारा तासांची. १९२२ साली आठवड्याचे ६० तास झाले, १९३४ साली ५४. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सभासद असताना १९४६ साली ४८ तासांचा आठवडा कायद्यात आला. १९४८ च्या कारखाना कायद्याने तो कायम केला आणि जादा कामास दुप्पट दर सांगितला. बारांपासून आठांपर्यंत येण्यास अशी पस्तीस-छत्तीस वर्षे लागली. आज गिरणीचे दार रात्री नऊपर्यंत उघडे ठेवून आपण त्या वर्षांवर पाणी ओतू नये.

सध्याचा कायदाही सभासदांनी समजून घेतला पाहिजे. २०२३ साली कर्नाटकाने कारखाना कायद्यात दुरुस्ती करून दिवसाला बारा तासांपर्यंत काम घेण्याची मुभा दिली, तेव्हा पुष्कळांनी असा अर्थ काढला की बारा तासांचा रोज आता कायदेशीर झाला. तो अर्थ अपुरा होता. ती मुभा आठवड्याच्या ४८ तासांच्या मर्यादेत होती. म्हणजे बारा तासांचे चार दिवस झाले की आठवडा पुरा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले. नव्या व्याख्येप्रमाणे यंत्रशक्तीवर वीस व यंत्रशक्तीविना चाळीस कामगार असतील तेथे कारखाना धरला जातो. जुने आकडे दहा व वीस होते. त्यामुळे काही लहान गिरण्या कारखान्याच्या व्याख्येबाहेर गेल्या, आणि आता आपणांस नियम नाही असा समज पसरू लागला. तोही बरोबर नाही. वेतनसंहिता कारखान्यापुरती नाही. किमान वेतनाची तिची तरतूद सर्व रोजगारांस लागू आहे. किमान दर तासावर, दिवसावर वा महिन्यावर ठरविता येतो असे ती सांगते. आणि नेमून दिलेल्या दिवसापेक्षा जास्त काम घेतले तर दुप्पटीहून कमी दर देता येणार नाही, असेही सांगते. तेव्हा गिरणी लहान आहे म्हणून तास मोठा होत नाही.

आता मजुरी ज्या वस्तूंत रूपांतरित होते, त्या वस्तूंकडे वळू. कारण तो आपल्या धंद्याचा प्रांत आहे. किमान वेतन कशावर बांधावे याचा निर्णय १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत झाला. कमावणारा धरून कुटुंबाचे तीन खाणारे घटक, प्रत्येकास दिवसाला २,७०० उष्मांक, कुटुंबास वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी वीस टक्के, असे ते प्रमाण होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी इत्यादींसाठी आणखी पंचवीस टक्के मिळविले. तीन घटकांचे दिवसाला ८,१०० उष्मांक होतात. एक किलो धान्यात सुमारे साडेतीन हजार उष्मांक असतात. म्हणजे नुसत्या भाकरीवर भागवावयाचे म्हटले तरी रोज सव्वादोन किलोंहून अधिक धान्य हवे. त्यात डाळ नाही, तेल नाही, दूध नाही, भाजी नाही. ज्वारी किलोला ५० रुपये धरली, तर त्या कोरड्या भाकरीसाठी ६० रुपयांच्या दराने जवळजवळ दोन तास काम करावे लागते. साडेसदतीस रुपयांच्या दराने तीन तासांहून अधिक. उरलेल्या पाच तासांतून घरभाडे, कापड, शाळेची फी, औषध, आईवडिलांचा खर्च आणि लग्नकार्य निघावयाचे असते. भाकरीच्या या दोन-तीन तासांचा हिशेब धान्याच्या व्यापाऱ्याइतका दुसऱ्या कोणास सहज करता येईल?

माणसे टिकत नाहीत या तक्रारीचे उत्तरही येथेच आहे. बेळगाव तीन राज्यांच्या उंबरठ्यावर वसले आहे. चंदगड तालुक्यातील शिनोळीची वसाहत महाराष्ट्रात, उद्यमबाग कर्नाटकात, आणि घाट उतरला की गोवा. तिन्ही राज्यांचे किमान दर निरनिराळे, बदलण्याच्या तारखा निरनिराळ्या. परंतु तरुण मुलगा हे दर वाचून गाव सोडत नाही. आठ तासांनंतर सुटी मिळते का, जादा कामाचे वेगळे पैसे पगारचिठ्ठीवर दिसतात का, खाडा झाला तर किती कापतात, हे तो आपल्या मित्रास विचारतो. आपण ज्याला रोज म्हणतो, त्याचे तो मनातल्या मनात तास करीतच असतो. हिशेब त्याने केला व आपण केला नाही, एवढाच फरक. त्याला निघून जाताना पाहून मग आपण आश्चर्य करीत बसतो.

या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा की, मजुरालाच जादा तास हवे असतात. घरी बसून तो काय करणार? हे पुष्कळदा खरे आहे. परंतु साध्या आठ तासांत घर चालत नाही म्हणून तो बारा तास मागतो. त्याची मागणी दर अपुरा असल्याचा पुरावा आहे. जादा काम साध्या दराने घेण्याची परवानगी ती नव्हे. दुसरा आक्षेप नफ्याचा. डाळगिरणीत क्विंटलमागे सुटणारा पैसा थोडा असतो, तुरीचा भाव एका आठवड्यात खाली आला तर वर्षाची कमाई जाते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. परंतु दमलेल्या माणसाच्या हातून शेवटच्या चार तासांत जो माल फुटतो, जी चाळणी फाटते, जे बोट पट्ट्यात सापडते, त्याचा खर्च आपण कोणत्या खात्यात लिहितो? तासाचा हिशेब ठेवणाऱ्यास हे कळू लागते की, रात्रीचे चार तास स्वस्त दिसले तरी महाग पडतात.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. शेजारचा मालक तसे करीत नाही, मग आम्हीच का करावे? एकट्याने खरा तराजू ठेवला व शेजाऱ्याने खोटा ठेवला, तर काही दिवस खऱ्याचे नुकसान होते यात शंका नाही. त्याचसाठी संघ असतो. व्यापारी संघाची पहिली गरज मालाच्या शुद्ध मापासाठी भासली. मजुरीचे शुद्ध माप हे त्याच कामाचे पुढचे पाऊल आहे.

हमालीचा प्रश्न थोडा निराळा आहे, कारण तेथे मजुरी पोत्यावर मिळते. पोत्याचा दर हे आपल्यापरीने स्वच्छ माप आहे. जितकी पोती तितके पैसे. परंतु मालमोटार सकाळी येणार म्हणून सहाला बोलाविलेला हमाल ती दुपारी आली म्हणजे सहा तास नुसता बसून राहतो. त्या सहा तासांचा दर शून्य असतो. नगावर काम करणाऱ्यासही वेळेच्या हिशेबाने किमान मजुरी मिळाली पाहिजे, हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होते व आजच्या संहितेतही आहे. तेव्हा हमालाचे पोते मोजा, आणि त्याची वाटही मोजा.

तासाच्या मापात एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. तास मोजू लागलेला मालक उद्या असे म्हणू लागेल की, आज काम तीन तासांचेच आहे, तीन तासांचे पैसे घे व जा. मजुराने मात्र सबंध दिवस आपल्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. कामाला तयार असलेल्या माणसास मालकाने काम पुरविले नाही, तरी नियमांतील अपवाद वगळता त्याला पुऱ्या दिवसाची मजुरी द्यावी लागते, असे कायदा सांगतो, आणि ते न्याय्य आहे. म्हणून आठ तासांचा दिवस हा पाया. त्यावरील प्रत्येक तास वेगळा मोजावा. त्याखाली मात्र कापू नये. माप दोन्ही बाजूंस सारखे पडले तरच ते माप.

यावरून आम्ही संघापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक सभासदाने आपल्या गिरणीत वा कारखान्यात एक फळा लावावा. त्यावर कामाची वेळ, साध्या तासाचा दर व जादा तासाचा दर मराठीत व कन्नडात लिहावा. दुसरी, हजेरीपुस्तकात नुसती हजेरीची खूण न करता येण्याची व जाण्याची वेळ लिहावी, आणि पगाराबरोबर तासांची चिठ्ठी द्यावी. आज दहा रुपयांच्या चहाची पावती यंत्रातून निघते. महिन्याच्या श्रमाची चिठ्ठी देणे कठीण नाही. तिसरी, संघाने दरवर्षी सभासदांकडून नावे न घेता तासाचे दर व आठवड्याचे तास मागवावे, आणि धंद्यानुसार मधला दर या स्मरणिकेत छापावा. दर ठरविणे हे संघाचे काम नव्हे. किमान दर सरकार ठरविते व त्यावरील दर मालक व कामगार ठरवितात. संघाने फक्त आरसा धरावा. सरासरी न छापता मधला दर छापावा असे आम्ही का म्हणतो, ते वरील दहा माणसांच्या उदाहरणावरून लक्षात येईल.

एक गोष्ट शेवटी सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या घराघरांत लहानपणापासून शिकविली जाते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत, घेताना मोठे व देताना लहान माप वापरणे, हा अतिचार सांगितला आहे. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत जिवावर शक्तीबाहेर ओझे लादणे, म्हणजे अतिभारारोपण, हाही सांगितला आहे. आपले पूर्वज बैलाच्या पाठीवरचे ओझे पाहून गोणी हलकी करीत आणि तराजूचा काटा स्थिर झाल्याखेरीज हात काढीत नसत. मजुराचा दिवस मोजताना हे दोन्ही नियम एकाच ठिकाणी येऊन मिळतात. बारा तास घेऊन आठांचे मोल देणे, यात माप लहान होते व ओझे मोठे. व्रताचा अर्थ मंदिरापुरता ठेवावा की गिरणीच्या दारापर्यंत न्यावा, याचा निर्णय प्रत्येक सभासदाने आपल्या मनाशी करावयाचा आहे.

पुढील वार्षिक सभेत या तीन सूचनांवर चर्चा व्हावी, विरोध असेल तर तो उघडपणे मांडला जावा, आणि जे ठरेल ते लेखी ठरावे, अशी आमची विनंती आहे. तोपर्यंत प्रत्येक सभासदाने एकच करावे. गेल्या महिन्याचे पगारपत्रक घ्यावे, प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याने खरोखर दिलेले तास लिहावे, आणि भागाकार करावा. निघालेला दर मुलासुनांना मोठ्याने वाचून दाखविता येत असेल, तर आपला तराजू खरा आहे असे समजावे.